बीएस्सीच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधन करायला खरंच मिळतं का?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. माझी पुतणी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात. सर मनापासून शिकवतात, पण प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलमधले ठरलेले प्रयोग आणि मागच्या बॅचची रीडिंग सगळ्यांना तोंडपाठ. गेल्या आठवड्यात सरांनी वर्गात सांगितलं की सुट्टीत मोठ्या संस्थांमध्ये दोन महिने संशोधनाचं काम करायला मिळतं आणि वर पैसेही देतात. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही नाही. घरात सायन्सचं कुणीच नाही. भाऊ म्हणतो त्यापेक्षा सुट्टीत स्पर्धा परीक्षेचा क्लास लावू, निदान उपयोग तरी होईल. मी म्हटलं थांब, आधी माहितगारांना विचारते. तर हे साध्या कॉलेजच्या मुलांना मिळतं का, कुठे अर्ज करायचा, आणि दोन महिन्यांत पोरं तिथे नेमकं करतात काय?

अणुरेणू

मिळतं. आणि ऑक्टोबरातच विचारलंत हे फार बरं केलंत. काम मे-जूनमध्ये असतं पण अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी-फेब्रुवारीत उरकतात. बहुतेक मुलांना हे परीक्षा जवळ आल्यावर कुणीतरी सांगतं आणि तोवर सगळं संपलेलं असतं. माझ्या मते गावाकडची मुलं मागे पडतात ती इथे, हुशारीत नाही.

सगळ्यात मोठा कार्यक्रम तीन विज्ञान अकादम्यांचा. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी, तिघी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात. साधारण दोन महिने, देशातल्या कुठल्यातरी संस्थेत एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली, स्टायपेंडसकट. अर्ज ऑनलाइन, त्यात काय करायचंय आणि का हे थोडक्यात स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि एका शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. कॉलेजच्या शिक्षकांनाही ही फेलोशिप मिळते, तिच्या सरांनाही सांगा.

दुसरं म्हणजे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नायस (NIUS) नावाचा कार्यक्रम, २००४ पासून चालू आहे. तो खास पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. आधी कॅम्प, त्यातून निवडलेल्यांना पुढे प्रोजेक्ट, आणि तो प्रोजेक्ट एका सुट्टीत संपत नाही, पुढच्या सुट्ट्यांमध्येही चालू राहतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलीसाठी मी पहिलं बोट याच्यावर ठेवेन.

शिवाय मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी, पुण्यात एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थांचे उन्हाळी कार्यक्रम, अहमदाबादला पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी), बंगळुरूला जवाहरलाल नेहरू सेंटर. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, कुठे कुठल्या वर्षाची मुलं चालतात तेही दरवर्षी बदलू शकतं. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचायची.

कॉलेजकट्टा

आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवर यातलं एकही कधी लागलं नाही 😔 मी आता टीवायला आहे, आत्ता कळतंय.

शेवंताबाई

@कॉलेजकट्टा, टीवायला असाल तर अजून संधी आहे, अकादमीचा फॉर्म उघडा आधी.

स्पष्टवक्ती

अणुरेणू यांनी यादी छान दिली पण दुसरी बाजूही कळू दे ताईंना. या फेलोशिपला देशभरातून अर्ज येतात, त्यात आयसर-आयआयटीची मुलंही असतात. त्यांच्या कॉलेजात सेमिनार होतात, शिक्षक स्वतः संशोधन करतात, शिफारसपत्रात काय लिहायचं हे त्यांना ठाऊक असतं. आमच्याकडच्या सरांनी मला दिलेलं पत्र दोन ओळींचं होतं, "विद्यार्थिनी नियमित व सुस्वभावी आहे". सर माझ्याबद्दल मनापासून चांगलंच बोलत होते, पण असं पत्र वाचून कोण निवडणार?

आणि पैशांचं. स्टायपेंड मिळतो हे खरं, पण बऱ्याच ठिकाणी तो काम संपल्यावर हातात पडतो. मोठ्या शहरात पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट, मेसचे पैसे आधी खिशातून घालावे लागतात. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात मुलांच्या कमाईवर घर चालतं त्यांनी काय करायचं? माझ्या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा याच कारणाने गेला नाही. तो गेला असता तर आज कुठे असता असं मला अजूनही वाटतं.

अणुरेणू

स्पष्टवक्ती, पैशांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून ज्या संस्था स्वतःचं होस्टेल देतात तिथे आधी अर्ज करावा आणि निवड झाल्याच्या मेललाच उत्तर देताना राहण्याची सोय आणि स्टायपेंड कधी मिळतो हे सरळ विचारावं. यात लाजण्यासारखं काही नाही, कुणी वाईट मानत नाही.

बारावीनंतर ज्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर स्कॉलरशिप मिळाली त्यांच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठीच असतात. ही स्कॉलरशिप असलेली मुलं सुट्टीत घरी बसली असं ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

जुनाजाणता

मी तीसेक वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. शिफारसपत्रावर बोलतो.

शिक्षकाला पत्र नीट लिहिता येत नाही याचं कारण बहुतेक वेळा तो त्या मुलाला ओळखतच नसतो. शंभर मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून कधी एक प्रश्न न विचारलेल्या मुलाबद्दल लिहिणार काय? पुतणीला सांगा, सरांकडे पत्र मागायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एका कागदावर लिहून ने की सर, मी अमुक प्रयोगात असं केलं होतं, तमुक विषयावर सेमिनार दिला होता, मला या गोष्टीवर काम करायचंय. हे समोर असलं की बरा शिक्षक दोन ओळींत आटोपत नाही. माझ्याकडे असा कागद घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी पानभर पत्र दिलं आहे.

कॉलेजकट्टा

मी थेट प्रोफेसरांना मेल पाठवले होते मागच्या वर्षी, भरपूर. एकाचंही उत्तर नाही. मग सोडून दिलं. बाकी आमची परीक्षा मेच्या शेवटपर्यंत लांबते आणि बऱ्याच संस्थांना मेच्या मध्यातच मुलं हवी असतात, त्याचं काय करायचं?

माशीवाला

@कॉलेजकट्टा, मेलमध्ये काय लिहिलं होतं ते सांगता का? नाव-गाव काढून इथे टाका.

कॉलेजकट्टा

"आदरणीय सर/मॅडम, मी आपल्या प्रतिष्ठित संस्थेत इंटर्नशिप करू इच्छितो. मला संशोधनाची प्रचंड आवड आहे. कृपया संधी द्यावी." असं इंग्लिशमध्ये, आणि सीव्ही.

माशीवाला

हेच. मी एका जीवशास्त्राच्या लॅबमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) आहे, आमच्या मॅडमना डिसेंबर-जानेवारीत असे मेल रोज येतात, हल्ली तर चॅटबॉटकडून लिहून घेतलेले, सगळे एकाच साच्यातले. "सर/मॅडम" दिसलं की कळतं की हा मेल एकाच वेळी पन्नास जणांना गेलाय. उत्तर मिळतं ते अशा मेलला ज्यात मुलाने लॅबच्या वेबसाइटवर जाऊन एखादा पेपर उघडलाय, सगळा कळला नाही तरी चालतं, आणि त्यातली एक गोष्ट धरून एक खरा प्रश्न विचारलाय. आठ-दहा ओळी पुरे. नाव घालून, मी कुठल्या वर्षाला, काय येतं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळा आहे, मार्कशीट आणि सीव्ही जोडलंय. आठ-दहा दिवस उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करावी, मग पुढच्याकडे वळावं.

परीक्षेचं म्हणाल तर तारखा आधीच कळवल्या तर कितीतरी प्रोफेसर जूनपासून यायला हरकत घेत नाहीत. निवड झाल्यावर शेवटच्या क्षणी सांगितलं तर मात्र पंचाईत होते.

टिपणकार

माशीवाला म्हणजे मासळीचा धंदा समजत होतो मी इतकी वर्षं 😀

माशीवाला

😀 नाही हो, फळमाशी! ड्रोसोफिला. आणि नदीकाठताईंचा तिसरा प्रश्न राहूनच गेला, मुलं दोन महिने करतात काय. तेच सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात बीएस्सीची एक मुलगी आमच्याकडे होती. पहिला आठवडा तिने फक्त माश्या ओळखायला शिकण्यात घालवला. कार्बन डायऑक्साइडने माश्या गुंगवायच्या, पांढऱ्या पॅडवर ओतायच्या, मायक्रोस्कोपखाली बारीक कुंचल्याने नर एका बाजूला आणि माद्या दुसऱ्या. नराच्या पोटाचं टोक काळं असतं आणि पुढच्या पायावर छोट्या कंगव्यासारखे केस असतात. क्रॉस लावायचा, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीचा संकर करायचा, तर मादी नराकडे आधी न गेलेली हवी, आणि २५ अंशांना कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तासांच्या आत ती वेगळी करावी लागते. म्हणजे सकाळी लवकर येऊन बाटल्या रिकाम्या करायच्या आणि दुपारनंतर परत बघायचं, रविवार असो की सणवार. नुकत्याच निघालेल्या माश्या फिकट असतात आणि पोटात एक गडद ठिपका दिसतो, तो ओळखायला लागली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

एक पिढी तयार व्हायला दहा-बारा दिवस. दोन महिन्यांत जेमतेम चार-पाच पिढ्या. त्यात एक क्रॉस बुरशी लागून गेला, एकाचा निकाल अपेक्षेच्या उलट आला आणि तो पुन्हा लावेपर्यंत सुट्टी संपली. पेपरबिपर काही नाही. पण जाताना तिच्या वहीत रोजची तारीख, बाटलीचा नंबर, मोजणी, "आज तापमान वाढलं होतं" अशा नोंदी होत्या. त्या वहीवरूनच तो क्रॉस आम्ही पुढे पूर्ण केला.

शेवंताबाई

किती छान लिहिलंत! माझ्या लेकीला वाचायला देते हे.

स्पष्टवक्ती

माशीवाला, तुमची लॅब चांगली दिसते. सगळ्याच तशा नसतात. माझ्या मैत्रिणीला एका ठिकाणी दोन महिने काचसामान धुवायला आणि कुणाच्या तरी थिसिसचे संदर्भ टाइप करायला लावलं. गाईड एकदाच भेटले, सर्टिफिकेटवर सही करताना. मुलांनी हे सहन का करायचं?

माशीवाला

करू नये. काचसामान धुणं हा लॅबच्या कामाचा भाग आहे, आम्ही सगळेच धुतो, पण तेवढंच काम असेल तर ते चूक आहे. पहिल्याच आठवड्यात गाईडला किंवा ज्या पीएचडीवाल्याच्या हाताखाली दिलंय त्याला विचारायचं की माझा प्रश्न काय आहे, मी कशाचं उत्तर शोधतेय. दुसऱ्या आठवड्यालाही उत्तर नाही मिळालं तर कार्यक्रमाच्या समन्वयकांना कळवायचं. आणि जाण्याआधी त्या लॅबमध्ये पूर्वी जाऊन आलेल्या मुलांना विचारून घ्यावं.

गणितवेडा

गणिताचं कुणी बोलेना म्हणून मी. एमटीटीएस म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च, १९९३ पासून चालू आहे, प्रा. कुमरेसन यांनी सुरू केलेलं. उन्हाळ्यात चार आठवडे. इथे संशोधन असं नसतं पण शिकवण्याची तऱ्हाच निराळी, सर व्याख्या सांगून थांबतात आणि विचारतात, ही अट काढली तर काय होईल? उत्तर मुलांनी फळ्यावर येऊन द्यायचं, चुकलं तरी चालतं, गप्प बसलेलं चालत नाही. तीन वर्षं प्रमेयं पाठ केलेल्या मुलाला पहिला आठवडा जड जातो. नंतर तो बदलतोच. फिजिक्सच्या मुलीला यात रस असेल असं नाही पण हा धागा वाचणाऱ्या गणितवाल्यांसाठी.

टिपणकार

परदेशात जायचं असेल तर? भाचा आयआयटीत आहे म्हणून विचारतोय.

अणुरेणू

जर्मनीसाठी डाड (DAAD) या संस्थेची वाइज (WISE), कॅनडासाठी मायटॅक्स ग्लोबलिंक, हे दोन भारतीय मुलांमध्ये बरेच माहीत आहेत. जपानमध्ये ओकिनावाची ओइस्ट (OIST) ही संस्था. स्वित्झर्लंडला सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा. अमेरिकेतल्या एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या आरईयू कार्यक्रमांचं नाव नेटवर सगळीकडे दिसतं पण ते मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी असतात, उगाच वेळ घालवू नये. या सगळ्यांत आधीचं काहीतरी काम दाखवता आलं तर फरक पडतो, म्हणून पहिला उन्हाळा इथेच घालवावा असं मला वाटतं.

पिंपळपान

एक इशारा. "रिसर्च इंटर्नशिप, फक्त इतके हजार भरा, सर्टिफिकेट आणि पेपरमध्ये नाव" अशा जाहिराती मुलांच्या ग्रुपवर फिरत असतात. चार व्हिडिओ दाखवून प्रमाणपत्र हातात देतात. वर नावं आलेल्या सरकारी संस्थांपैकी कुणी मुलांकडून इंटर्नशिपचे असे हजारो घेऊन पेपरात नाव विकत नाही. भोळ्या मुलांचे आणि आईबापांचे पैसे जातात, कृपया पुढे पाठवू नका.

जुनाजाणता

पिंपळपान, अनुमोदन. हे ठळक करून वर लावायला हवं.

रानवाट

मी थोडं वेगळं म्हणते. सगळ्यांना संस्थेत जागा मिळणार नाही हे उघड आहे. मग उन्हाळा वाया गेला का? मी बॉटनी शिकवते. आमच्या मुली सीझनवॉच या झाडांच्या नोंदी ठेवण्याच्या लोकसहभागी उपक्रमात आपल्या अंगणातली, शाळेजवळची झाडं नोंदवतात, कुठल्या आठवड्यात पालवी, कुठल्या आठवड्यात फुलं, कधी फळं. बहावा ठरल्या वेळेआधी फुलतोय का हे गावात राहणारी मुलगीच रोज बघू शकते, शहरातल्या लॅबमधला शास्त्रज्ञ नाही. यातून दोन मुलींनी विद्यापीठाच्या आविष्कार स्पर्धेत पोस्टर लावलं, आणि पुढच्या वर्षी अर्जात लिहायला त्यांच्याकडे स्वतःचं काम होतं.

अणुरेणू

रानवाट यांच्याशी पूर्ण सहमत. फिजिक्समध्येही करता येतं. नासाच्या टेस दुर्बिणीचा डेटा सगळ्यांना खुला आहे, पायथॉनमध्ये लाइटकर्व नावाचं पॅकेज आहे, साध्या लॅपटॉपवर एखाद्या ताऱ्याचा प्रकाश ग्रह आड आल्यावर किती कमी होतो हे स्वतः काढता येतं. लॅपटॉप घरी नसेल तर कॉलेजच्या लॅबमधला पीसी चालतो. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत तिथे. तिथे स्टॉलवर उभी असलेली मंडळी तिथलेच विद्यार्थी आणि शास्त्रज्ञ असतात, त्यांना विचारायला कुणी अडवत नाही.

नदीकाठ

बापरे, किती जणांनी लिहिलंत! सगळं पुतणीला वाचून दाखवलं, भावालाही. तो विचारतोय की समजा मिळालं, तर पुढे काय? नोकरीला उपयोग होतो का? आणि मुलगी दोन महिने परगावी एकटी, हाही प्रश्न आहेच त्याचा.

शेवंताबाई

राहण्याचं मी सांगते. माझी लेक गेली होती. संस्थेच्या होस्टेलमध्ये मुलींची वेगळी सोय होती, गेटवर नोंद, कॅम्पसमध्येच मेस. मी पहिल्या दिवशी सोडायला गेले, वॉर्डनना भेटले, समन्वयक मॅडमचा नंबर घेतला. भावाला म्हणावं तूही जा सोडायला, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

स्पष्टवक्ती

नोकरीचं मी सांगते, खोटी आशा नको. सर्टिफिकेट दाखवून कुणी नोकरी देत नाही. एमएस्सी किंवा पीएचडीच्या मुलाखतीत मात्र खूप फरक पडतो, कारण तिथे "तू काय केलंस" हा प्रश्न येतोच. आणि चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घ्यायचा तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, तेव्हा मार्क सोडून चालणार नाही. स्पर्धा परीक्षेचा क्लास तिसरं वर्ष झाल्यावरही लावता येईल. हा उन्हाळा मात्र परत येणार नाही, मी भावाच्या जागी असते तर पाठवलं असतं.

टिपणकार

स्पष्टवक्ती सुरुवातीला विरोधात होत्या ना? 😀

स्पष्टवक्ती

विरोधात कधीच नव्हते. ज्यांना परवडत नाही त्यांनाही जाता यावं एवढंच म्हणतेय, आणि तेच म्हणत राहणार.

नदीकाठ

भाऊ निम्मा तयार झालाय 🙂 पुतणीने अकादमीच्या अर्जासाठी लिहायला घेतलंय. तिचं म्हणणं तुम्ही बघून सांगा. मराठीत सांगते: "मला लहानपणापासून अवकाशाची आवड आहे. ताऱ्यांकडे बघून मला प्रश्न पडतात. मला शास्त्रज्ञ होऊन देशाची सेवा करायची आहे. आपल्या संस्थेत काम केल्यास माझ्या ज्ञानात भर पडेल."

अणुरेणू

भावना खरी आहे, पण हे हजारो जण लिहितात. तिला विचारा, गेल्या वर्षभरात प्रॅक्टिकलला असं काय झालं की ती थांबून बघत बसली? काहीतरी असेलच.

नदीकाठ

विचारलं. ती म्हणाली ग्रेटिंगच्या (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघांच्या काचेच्या) प्रयोगात सोडियमच्या दिव्याची पिवळी रेषा पहिल्या ऑर्डरला, म्हणजे मधल्या रेषेच्या बाजूच्या पहिल्या वर्णपटात, एकच जाड दिसत होती. सगळ्यांनी तेवढंच रीडिंग घेतलं. हिने दुर्बीण आणखी फिरवून दुसऱ्या ऑर्डरला नेली आणि फट अगदी बारीक केली, तर तिथे दोन रेषा सुट्या दिसल्या. जर्नलमध्ये त्याला जागाच नव्हती म्हणून लिहिलं नाही.

अणुरेणू

अहो हेच लिहायचं! ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, सोडियमच्या जोडरेषा. दुसऱ्या ऑर्डरला दोघींमधलं कोनाचं अंतर वाढतं म्हणून सुट्या दिसल्या. सूर्याच्या वर्णपटात याच दोन रेषा काळ्या दिसतात आणि ताऱ्यात कुठली मूलद्रव्यं आहेत हे याच मार्गाने कळतं. तिने असं लिहावं: प्रयोगात मी काय पाहिलं, फट बारीक केल्यावर काय बदललं, त्यातून मला कुठला प्रश्न पडला, आणि म्हणून ताऱ्यांच्या वर्णपटांवर काम करणाऱ्या गटात मला शिकायचंय. आवड, देशसेवा काही लिहू नका, ते यातून दिसतंच.

जुनाजाणता

आणि हा प्रयोग ज्या सरांच्या तासाला केला त्यांच्याकडूनच पत्र घ्या. शक्य झालं तर दिवा लावून त्यांनाही त्या दोन रेषा दाखवा, मग पत्र मागा. शेवटच्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी मागा. पत्रासाठी सरांना मेल येत असेल तर तो कधीकधी स्पॅममध्ये जाऊन पडतो, तिथेही बघायला सांगा.

नदीकाठ

सोमवारी प्रॅक्टिकल आहे तिचं. दिवा तापायला वेळ लागतो म्हणून अर्धा तास आधी जाणार म्हणतेय.